फॉन्टचा मेन्यू बिघडलाय? आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

मजकूर निवडला, फॉन्टच्या चौकटीतला बाण दाबला आणि यादी उघडलीच नाही. किंवा उघडली ती काळी, कोरी, लुकलुकणारी. किंवा नावं सगळी दिसतात, पण निवडलेला फॉन्ट मजकुराला लागत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात, नाहीतर अख्खं ऑफिस काढून पुन्हा टाकतात. रीस्टार्टने कधीकधी खरंच काम होतं. पुन्हा टाकण्यात मात्र अर्धा दिवस जातो आणि अनेकदा दोष जागचा हलत नाही, कारण फॉन्टची यादी एकट्या ऑफिसच्या ताब्यात नसते. नावं ऑपरेटिंग सिस्टीमकडून येतात, ती पडद्यावर रंगवण्यात ग्राफिक्स ड्रायव्हरचा (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) हात असतो, वर्ड मांडणीसाठी प्रिंटरलाही विचारतं आणि शेवटी उघडलेल्या फाईलच्या स्टाईलचं (नाव देऊन साठवलेल्या फॉरमॅटिंगचं) म्हणणं वेगळंच असतं. यातलं कोण चुकतंय ते कळलं की दुरुस्ती सहसा पाच-दहा मिनिटांची असते.

खाली मायक्रोसॉफ्ट ऑफिस, मुख्यतः त्यातलं वर्ड, आणि लिबरऑफिस हा मोफत ऑफिस-संच या दोन्हींचा विचार केला आहे. मेन्यूंची नावं इंग्रजी आवृत्तीत जशी दिसतात तशी देवनागरीत दिली आहेत.

काम अडलं असेल तर

वर्डमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि डी दाबा. फॉन्टची स्वतंत्र खिडकी उघडते आणि तिथून फॉन्ट, आकार, ठळकपणा सगळं लावता येतं. लिबरऑफिसमध्ये हेच काम फॉरमॅट मेन्यूतल्या कॅरेक्टरवर होतं. (तिथे कंट्रोल-डी दाबू नका, मजकुराखाली दुहेरी रेघ येईल.)

ही पळवाट असली तरी पहिली चाचणीही हीच. वर्डच्या या खिडकीत नावं साध्या अक्षरांत येतात. रिबनमधल्या (वरच्या बटणांच्या पट्टीतल्या) यादीसारखं प्रत्येक नाव त्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये रंगवावं लागत नाही. त्यामुळे इथे सगळं सुरळीत चालत असेल आणि रिबनमध्येच गडबड असेल, तर दोष यादी रंगवण्यात आहे. इथेही नाव दिसत नसेल, तर फॉन्ट सिस्टीमपर्यंत पोहोचलेलाच नाही.

जे बिघाड वाटतं पण नसतं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. नवख्यांच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

फॉन्टची चौकट रिकामी दिसते: निवडलेल्या मजकुरात एकाहून जास्त फॉन्ट आहेत, म्हणून प्रोग्राम कुठलंच नाव दाखवत नाही. एकच शब्द निवडा, नाव येईल.

लिबरऑफिसमध्ये नाव तिरक्या अक्षरांत दिसतं: तो फॉन्ट फाईलमध्ये नोंदलेला आहे, पण तुमच्या मशीनवर नाही. पडद्यावर दिसतोय तो बदली फॉन्ट. वर्ड अशी खूण करत नाही. चौकटीत मूळ नाव तसंच ठेवतं आणि मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये दाखवतं. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस हा डीफॉल्ट फॉन्ट केला, तेव्हापासून जुन्या ऑफिसवर नवी फाईल उघडणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. वर्डमध्ये खरं काय चाललंय ते पाहायला फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा, "शो डॉक्युमेंट कंटेंट" या भागात "फॉन्ट सबस्टिट्यूशन" हे बटण आहे. कुठल्या फॉन्टच्या जागी कुठला वापरला जातोय ते तिथे लिहिलेलं असतं.

एकाच फॉन्टची लाइट, मीडियम, सेमीबोल्ड अशी वेगवेगळी नावं दिसतात: जुन्या पद्धतीनुसार एका कुटुंबात चारच प्रकार मावतात, साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका. बाकीचे स्वतंत्र नावाने यादीत येतात. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. फक्त मीडियमवर बी हे बटण दाबताना जपून, कारण जोडीचा ठळक फॉन्ट नसला तर प्रोग्राम अक्षरं कृत्रिमपणे जाड करतो आणि ती बेढब दिसतात.

नावाच्या सुरुवातीला @ हे चिन्ह: पूर्व आशियाई लिप्यांच्या उभ्या लेखनासाठीची ती आवृत्ती असते. नावापुढे ढगाचं चित्र: फॉन्ट मशीनवर नाही, निवडल्यावर इंटरनेटवरून उतरवला जाईल, नेट बंद असेल तर निवडूनही काही होणार नाही. फॉन्ट बदलताच ओळींमध्ये हातभर जागा पडली: यादीत कॅम्ब्रियाऐवजी चुकून कॅम्ब्रिया मॅथ निवडलं गेलं. तो समीकरणांसाठीचा फॉन्ट आहे, लेखनासाठी नाही.

चार प्रश्न, याच क्रमाने

१. नवी कोरी फाईल उघडून दोन ओळी लिहा. तिथे मेन्यू नीट चालला तर दोष मूळ फाईलमध्ये आहे.

२. नव्या फाईलमध्येही गडबड असेल तर दुसरा प्रोग्राम उघडून पाहा. वर्ड बिघडलं असेल तर नोटपॅड किंवा लिबरऑफिस. तिथे ठीक असेल तर दोष त्या एका प्रोग्राममध्ये किंवा त्याच्या सेटिंग्जमध्ये.

३. सगळ्या प्रोग्राममध्ये तेच दिसत असेल तर मशीनवर नवं यूझर खातं तयार करून त्यात लॉगइन करा. नव्या खात्यात ठीक चाललं तर दोष तुमच्या खात्यात आहे. तुमच्यापुरतेच बसवलेले फॉन्ट इथे पहिले संशयित.

४. नव्या खात्यातही तेच? मग सिस्टीमची फॉन्ट कॅश (फॉन्टची माहिती झटकन मिळावी म्हणून साठवलेल्या फाईली), सर्वांसाठी बसवलेला एखादा खराब फॉन्ट किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर.

चाचणी घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन उपाय एकदम केले आणि मेन्यू सुधारला, तर पुढच्या खेपेला तिन्ही पुन्हा करावे लागतील.

दोष फाईलमध्ये असेल तर

"मी फॉन्ट बदलतो आणि तो परत जुन्यावर जातो" ही तक्रार जवळजवळ नेहमी स्टाईलची असते. एंटर दाबल्यावर पुढचा परिच्छेद वेगळी स्टाईल घेत असेल, तर त्या स्टाईलचाच फॉन्ट बदला: स्टाईलच्या यादीत तिच्या नावावर राइट क्लिक, मॉडिफाय. त्याच खिडकीत "ऑटोमॅटिकली अपडेट" ही खूण दिसली तर काढून टाका. ती असली की एका परिच्छेदाचा फॉन्ट बदलताच त्या स्टाईलचे सगळे परिच्छेद बदलतात आणि मेन्यूला भूतबाधा झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या कुठून चिकटवलेल्या मजकुरावर थेट लावलेलं फॉरमॅटिंग असतं. तो निवडून वर्डमध्ये कंट्रोल-स्पेस, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-एम दाबा, म्हणजे ते उतरेल. मग फॉन्ट लावा. चौकटीत "बॉडी" किंवा "हेडिंग्ज" लिहिलेलं असेल तर फॉन्ट थीमकडून, म्हणजे फाईलच्या रंग-फॉन्टच्या ठरलेल्या संचाकडून, येतोय. तो डिझाइन टॅबमधल्या फॉन्ट्सवरून एकदाच बदलला की सगळीकडे बदलतो.

एक्सेलचं एक वेगळं दुखणं: एका वर्कबुकमध्ये ५१२ फॉन्टची मर्यादा आहे. नाव एकच असलं तरी आकार किंवा ठळकपणा बदलला की ते वेगळं मोजलं जातं, म्हणून वर्षानुवर्षं इकडून-तिकडून चिकटवलेल्या जुन्या फाईलमध्ये एक दिवस नवा फॉन्ट लागायचा बंद होतो. त्यावर उपाय कष्टाचाच आहे, स्टाईल आणि फॉरमॅटिंग आवरून एकसारखं करणं.

फॉन्ट निवडला, पण देवनागरी अक्षरं बदलली नाहीत

वर्ड आणि लिबरऑफिस दोघेही एकाच मजकुरासाठी एकापेक्षा जास्त फॉन्ट नोंदवून ठेवतात. रोमन अक्षरांसाठी एक, देवनागरी-अरबीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. वर्डच्या कंट्रोल-डी खिडकीत हा दुसरा कप्पा "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" नावाने दिसतो. लिबरऑफिसमध्ये त्याला सीटीएल म्हणतात आणि टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंग्जमध्ये सीटीएलची खूण केल्याशिवाय कॅरेक्टर खिडकीत तो येत नाही. टूलबारवरची चौकट कर्सर ज्या लिपीवर असेल त्या लिपीचा फॉन्ट दाखवते. म्हणून कर्सर इंग्रजी शब्दावरून मराठी शब्दावर सरकताच नाव बदलतं. ते तसंच व्हायला हवं.

याहून जास्त आढळणारं कारण साधं आहे: निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. एरियल घ्या. मराठी वाक्य निवडून एरियल लावलं तर चौकटीत एरियल दिसेल, पण अक्षरं प्रोग्राम गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणेल. खात्री करायची तर विंडोजमधलं कॅरेक्टर मॅप उघडा, तो फॉन्ट निवडा आणि देवनागरीचा विभाग सापडतो का पाहा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, तो यू+०९०० ते यू+०९७एफ असा आहे.

मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह ही नावं यादीतून गायब असतील तर कोणी पुसलेली नाहीत. विंडोज १० पासून हे फॉन्ट ऐच्छिक झाले. सोबत येतो तो निर्मला यूआय. सेटिंग्ज उघडून "ऑप्शनल फीचर्स" शोधा, नवीन फीचर जोडा, यादीतून "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" निवडा. उतरल्यावर ऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा.

आणि फॉन्ट बदलताच मराठी मजकुराची निरर्थक रोमन अक्षरं झाली, तर तो मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीने टाइप केलेला आहे. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. मेन्यू निर्दोष आहे. ताबडतोब कंट्रोल-झेड दाबा, मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.

यादी काळी, कोरी, लुकलुकणारी किंवा भलत्याच जागी

हे सगळं रंगवण्याचं प्रकरण. लिबरऑफिसने ७.० पासून स्किया नावाची चित्रण-व्यवस्था घेतली आणि ती विंडोजवर ग्राफिक्स कार्डाची मदत घेते. कार्डाचा ड्रायव्हर कच्चा असला की याद्या फाटतात. टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, व्ह्यू इथे "फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग" वर खूण करा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. रोजच्या लेखनात वेगाचा फरक जाणवत नाही, त्यामुळे हा उपाय कायम ठेवला तरी चालतो.

वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्ले या भागात "डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन" ही खूण बघा. काही नव्या आवृत्त्यांत ती दिसत नाही. तेव्हा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे वर्ड जोडून त्याला "पॉवर सेव्हिंग" द्या. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर यामुळे वर्ड अंगभूत चिप वापरतं. यातून फरक पडला तर खरा दोषी ड्रायव्हर आहे, तो कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून अद्ययावत करा.

दोन मॉनिटर आणि दोन्हींचं स्केलिंग वेगळं, एक १०० टक्के, दुसरा १५० टक्के, अशी मांडणी असेल तर यादी बाणापासून लांब उघडते किंवा पुसट दिसते. फाईल, ऑप्शन्स, जनरल इथे "ऑप्टिमाइझ फॉर कंपॅटिबिलिटी" निवडा. दोन्ही पडद्यांचं स्केलिंग सारखं करून पाहिलं तर निदान पक्कं होतं.

माउस नावावरून फिरवताना मजकूर थरथरत असेल, तर तो लाइव्ह प्रीव्ह्यू. त्याच जनरल पानावर तो बंद करता येतो. मोठ्या फाईलमध्ये तो बंदच बरा.

लिनक्सवर यादी भलत्या जागी उघडणं किंवा उघडताच मिटणं हे डेस्कटॉपशी जोडणाऱ्या थराचं असू शकतं. लिबरऑफिसच्या हेल्प, अबाउट खिडकीत तो थर कुठला ते दिसतं, जीटीके३ किंवा क्यूटी. लॉगइनच्या पडद्यावर वेलँडऐवजी एक्स११ चं सत्र (या खिडक्या पडद्यावर दाखवण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था) निवडून तीच कृती पुन्हा करा. तिथे ठीक चाललं तर शोध संपला.

यादी उघडायला दहा सेकंद लागतात

आधी प्रिंटर बघा, फॉन्ट नंतर. डीफॉल्ट प्रिंटर नेटवर्कवरचा आणि बंद असेल तर वर्ड त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतं. विंडोजच्या प्रिंटर सेटिंग्जमध्ये "लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर" बंद करा, "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" डीफॉल्ट करा आणि वर्ड पुन्हा उघडा. वेग आला तर कारण मिळालं.

तरीही संथ असेल तर बसवलेले फॉन्ट मोजा. फुकट मिळाले म्हणून हजारभर फॉन्ट भरून ठेवणं ही वाईट सवय आहे; यादीला त्यातल्या प्रत्येकाचा नमुना काढावा लागतो. लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्सच्या व्ह्यू पानावर फॉन्टचा प्रीव्ह्यू दाखवण्याची खूण काढली की यादी साध्या अक्षरांत आणि झटक्यात येते.

नवा फॉन्ट यादीत येतच नाही

झिपमधून थेट बसवू नका, आधी बाहेर काढा. फाईल टीटीएफ, ओटीएफ किंवा टीटीसी आहे ना? वॉफ आणि वॉफ२ हे वेबपानांसाठी असतात, विंडोज ते बसवत नाही. जुने टाइप १ फॉन्टही सोडून द्या: लिबरऑफिसने ५.३ मध्ये आणि ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा पाठिंबा थांबवला.

विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून साध्या "इन्स्टॉल" ने फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. काही प्रोग्रामना तो दिसत नाही. फाईलवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स" निवडा. त्यासाठी ॲडमिन हक्क लागतात. मग प्रोग्राम पूर्ण बंद करून उघडा. लिबरऑफिसचा क्विकस्टार्टर घड्याळाशेजारी बसलेला असेल तर तोही बंद करा, नाहीतर जुनीच यादी परत येते.

एकाच फॉन्टची जुनी आणि नवी आवृत्ती, किंवा व्हेरिएबल (एकाच फाईलमध्ये अनेक जाडी असलेली) आणि साधी अशा दोन्ही फाईली बसवल्या असतील, तर नावं दुहेरी येतात आणि कुठली लागेल याचा भरवसा नसतो. दोन्ही काढा, एकच परत बसवा. मॅकवर फॉन्ट बुकमध्ये दुहेरी फॉन्ट शोधून मिटवण्याची आणि "व्हॅलिडेट" ने फाईल तपासण्याची सोय आहे, ती आधी वापरा.

एखादा खराब फॉन्ट सगळी यादी पाडतोय

खूण अशी की यादी ठरावीक अक्षरापर्यंत सरकवली की प्रोग्राम गोठतो किंवा बंद पडतो. शोधायची पद्धत अर्ध्याअर्ध्याची. तुम्ही स्वतः बसवलेले फॉन्ट एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. त्यातले निम्मे काढून टाका, प्रोग्राम उघडून पाहा. दोष गेला तर गुन्हेगार काढलेल्या निम्म्यात आहे, राहिला तर उरलेल्या निम्म्यात. पुन्हा त्याचे दोन भाग. ४०० फॉन्ट असले तरी ९ फेऱ्यांत एकावर येता. सिस्टीमसोबत आलेल्या फॉन्टना हात लावू नका. सेगो यूआय गेला तर विंडोजचे स्वतःचेच मेन्यू वाचता येणार नाहीत.

फॉन्ट कॅश पुसणे

पुसलेल्या फॉन्टची नावं यादीत राहणं, एका नावावर भलताच आकार दिसणं ही शिळ्या कॅशची लक्षणं. विंडोजवर:

१. सगळे प्रोग्राम बंद करा. स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" शोधून ॲडमिन म्हणून उघडा.
२. "विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस" वर दोनदा क्लिक, स्टार्टअप टाइप "डिसेबल्ड" करून अप्लाय, मग स्टॉप. आधी डिसेबल्ड का? नुसतं थांबवलं तर फाईली पुसेपर्यंत ती परत सुरू होते.
३. सी ड्राइव्हवर विंडोज, सर्व्हिस प्रोफाइल्स, लोकल सर्व्हिस, ॲपडेटा, लोकल, फॉन्ट कॅश असं आत जा. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून लपलेल्या फाईली दाखवण्याची सेटिंग आधी चालू करा. आतल्या फाईली पुसा, फोल्डर ठेवा.
४. सर्व्हिस पुन्हा "ऑटोमॅटिक" करा, सुरू करा, मशीन रीस्टार्ट करा.

चौथी पायरी विसरली तर प्रत्येक प्रोग्राम संथ होईल आणि कारण शोधायला नवी संध्याकाळ जाईल. मॅक सेफ मोडमध्ये एकदा सुरू केला की फॉन्ट कॅश आपोआप साफ होते. लिनक्सवर टर्मिनलमधून एफसी-कॅश ही आज्ञा चालवली की झालं.

दोष प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये असेल तर

कंट्रोल दाबून ठेवत वर्ड सुरू करा, ते सेफ मोडमध्ये उघडायचं का विचारेल. तिथे मेन्यू ठीक चालला तर फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्समधून एकेक ॲड-इन (वर्डला जोडलेला छोटा प्रोग्राम) बंद करत जा. ॲड-इन निर्दोष निघाले तर वर्ड बंद करून ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स या फोल्डरातल्या नॉर्मल टेम्प्लेटचं नाव बदला. वर्ड नवं बनवेल. पुसू मात्र नका, तुमच्या स्टाईल आणि मॅक्रो जुन्या फाईलमध्येच आहेत.

लिबरऑफिसमध्ये हेल्प, "रीस्टार्ट इन सेफ मोड". तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये दोष नसेल तर त्याच खिडकीतून आधी फक्त सेटिंग्ज आणि टूलबारचे बदल रीसेट करा. अख्खं प्रोफाइल त्यानंतरच. प्रोफाइलमध्ये तुम्ही शब्दकोशात टाकलेले शब्द, ऑटोटेक्स्ट आणि टेम्प्लेट असतात, म्हणून रोमिंगमधल्या लिबरऑफिस फोल्डरातला ४ हा फोल्डर आधी कुठेतरी कॉपी करून ठेवा.

इतकं करूनही फरक नाही, तेव्हा कुठे ऑफिसची दुरुस्ती: विंडोज सेटिंग्ज, ॲप्स, ऑफिससमोर मॉडिफाय, आधी "क्विक रिपेअर", मग "ऑनलाइन रिपेअर". दुसरी बरीच लांबते आणि इंटरनेट लागतं. लिबरऑफिसमध्ये दोष नव्या आवृत्तीनंतरच सुरू झाला असेल तर मागची आवृत्ती बसवून पाहा. तिच्यात मेन्यू ठीक चालला तर दोष प्रोग्रामचाच. तो कळवताना अबाउट खिडकीतला मजकूर पूर्ण चिकटवा, कोणत्या पायरीला काय होतं ते क्रमाने लिहा आणि वरच्या चार प्रश्नांची उत्तरं जोडा.